फॉल-इनची शिट्टी

२६ नोव्हेंबर

ही डायरी खताच्या दुकानदाराने आमच्या वाडीच्या मालकांना, महादेवशेठना, फुकट दिलेली. गेल्या वर्षीची आहे, म्हणून तारीख बरोबर आणि वार चूक. शेठ म्हणाले, "शुक्रा, पाहिजे तर घे. नाहीतर तुझी काकी भजी ठेवायला पानं फाडणार." घेतली. आठवीपर्यंत आश्रमशाळेत होतो, लिहिता येतं. आणि इथे संध्याकाळी करायला काय आहे? मोबाईलचा पॅक संपला की माणूस नुसता भिंतीकडे बघतो.

माझं गाव झरी, तालुका तलासरी. सध्या मुक्काम वाणगाव आणि चिंचणीच्या मधल्या चिकूवाडीत. त्याच्या आधी वापीला कंपनीत, त्याच्या आधी भिलाडला ढाब्यावर, त्याच्या आधी वेरावळला होडीवर. आई म्हणते, तुझं बूड एका जागी टेकत नाही. ती आमच्या बोलीत म्हणते, मी शाळेतल्या मराठीत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. वाचणार मीच आहे, पण असू दे.

आज तिचा फोन होता. तिच्याकडे फोन नाही, शेजारच्या निलमच्या फोनवरून करते. भात कापलेल्या जागेत तिने भुईमूग टाकला. आमच्या जमिनीत दिवाळीनंतर कधी काही हिरवं राहिलं नाही. या साली बंधाऱ्यात पाणी आहे, पंप आहे. म्हणाली, "भुईमूग निघाला की पुढच्या साली मिरची टाकू. मग तुला लोकांच्या दारात राहायला नको. होळीला येशील तो राहायलाच ये."

मी हो म्हणालो. तिला वाटलं मनापासून म्हणालो. मला पण फोन ठेवेपर्यंत तसंच वाटत होतं.

२९ नोव्हेंबर

माकडांनी वाडीत वात आणलाय. कच्चा चिकू तोडतात, एक चावा घेतात, चीक लागला की थू करून टाकतात आणि पुढचा तोडतात. प्रत्येक चिकू वेगळा निघेल अशी आशा आहे त्यांना. मला त्यांचं थोडं पटतं. मी पण नोकऱ्या अशाच बघितल्या.

आज आजूबाजूच्या वाडीवाल्यांची मीटिंग शेठच्या ओट्यावर झाली. वनखात्याचा माणूस आधीच सांगून गेलाय की मारायचं नाही, इजा करायची नाही. सोनलबेन, म्हणजे शेजारच्या वाडीच्या मालकीण, म्हणाल्या, "मारायचं नाय, तर काय आरती करू त्यांची?" मग शेठ म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीत मिलिटरीतून रिटायर झालेले एक सुभेदार आहेत. घरी बसून कंटाळलेत. ते यायला तयार आहेत.

चहा संपला तेव्हा माकडांविरुद्ध लढाई जाहीर झालेली होती.

३ डिसेंबर

सुभेदारसाहेब आले. नाव मानकर, साताऱ्याकडचे. मिशी अशी की बोलताना आधी ती हलते, मग आवाज येतो. गळ्यात पितळी शिट्टी. आल्या आल्या चहा नको म्हणाले, "आधी मैदान बघू." वाडी फिरले. जमिनीवर चिकू मांडून नकाशा केला. मोठा चिकू म्हणजे विहीर, छोटे म्हणजे आपण, चावलेले म्हणजे शत्रू.

"शत्रूला कमी लेखायचं नाही," म्हणाले. "शत्रूला चार हात आहेत. आपल्याला दोन. मग आपल्याकडं काय पायजे?"

धाकल्या म्हणाला, "आणखी दोन, साहेब."

"शिस्त!" साहेब एवढ्या जोरात ओरडले की काकींच्या हातातलं सूप पडलं.

धाकल्या माझ्या खोलीत राहतो. माझ्यापेक्षा मोठा, चार पोरांचा बाप, पण कोणाला कधी काय बोलावं याचं भान नाही.

४ डिसेंबर

आम्ही आता पलटण आहोत. मी, धाकल्या, हिराबाई, सुक्या आणि शेठचा मुलगा पीयूष. पीयूषने गावच्या क्रिकेटच्या सामन्यांतून उरलेले टी-शर्ट आणले. माझ्या पाठीवर 'उपविजेता' लिहिलंय. सगळ्यांच्याच पाठीवर लिहिलंय.

उंचीप्रमाणे उभं राहायचं. हिराबाई सगळ्यात उंच निघाली, म्हणून ती पुढे. लाजून लाजून पदर तोंडात धरला. साहेब म्हणाले, "पदर खाली! नजर सामने!" ती म्हणाली, "नवऱ्याने असं कधी सांगितलं नाही मला."

नियम असा की साहेबांनी तीन लांब शिट्ट्या मारल्या की फॉल-इन. हातात काय असेल ते तिथेच टाकायचं. काठी, टोपली, भरलेले क्रेट, फांदीला टांगलेली भाकरी, काही उचलायचं नाही, काही झाकायचं नाही. धावत घरासमोरच्या अंगणात यायचं. सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा, चहाच्या आधी एकदा. साहेब म्हणाले, "झाडाखाली एक माणूस जरी मागं राहिला तरी मी त्याला पळपुटा समजेन."

मला साहेबांनी नाईक केलं. नाईक म्हणजे काय ते विचारलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. वापीला मला 'ए' म्हणायचे.

७ डिसेंबर

फॉल-इन चालू असताना माकडं उतरली. आमच्या भाकऱ्या खाल्ल्या. हिराबाईचं फडकं गाठ सोडून, घडी करावी तसं बाजूला ठेवलं होतं. बोंबलाची चटणी तेवढी सोडली.

साहेबांनी पंचनामा केला. म्हणाले, आपल्या हालचालींची खबर शत्रूला मिळतेय. उद्यापासून फॉल-इन जास्त वेळ.

११ डिसेंबर

आज हल्ला. प्लास्टिकच्या पाइपची आवाजाची बंदूक आणि फटाके. साहेब म्हणाले, पूर्वेकडून रेटा द्यायचा. आम्ही रेटा दिला. माकडं ओरडत पश्चिमेला सोनलबेनच्या वाडीत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. एवढ्यात तिकडून फटाके वाजले आणि माकडं आमच्याकडे परत आली. आम्ही परत तिकडे पाठवली. त्यांनी परत इकडे. जेवणापर्यंत हेच. शेवटी माकडं दोन वाड्यांच्या मधल्या कुंपणावर बसली आणि दोन्हीकडचे फटाके बघत राहिली, लग्नाला आल्यासारखी.

सोनलबेन कुंपणाशी येऊन ओरडल्या, "महादेवभाय, तुमची माकडं तुमच्याकडे ठेवा!"

शेठ म्हणाले, "माझी कशी? त्यांच्या अंगावर माझं नाव आहे काय?"

"चेहरा बघा ना, तुमच्याच घरातला वाटतोय!"

काकी हसल्या, म्हणून शेठ रात्री जेवले नाहीत.

१२ डिसेंबर

फॉल-इनमध्ये पुन्हा भाकऱ्या गेल्या. आता आम्ही शिट्टीच्या आधीच जेवून घेतो, मग जेवणाच्या वेळी भूक लागते.

१६ डिसेंबर

पीयूषकडे ड्रोन आहे. लग्नाचं शूटिंग करायला घेतला होता. साहेब म्हणाले हवाई दल पण आलं. सगळे अंगणात पीयूषच्या मोबाईलभोवती गोळा झालो. वरून वाडी फार सुंदर दिसते, मला माहीत नव्हतं. मला वाटलं आपली झरी पण वरून अशी दिसत असेल, मधे एकच हिरवा तुकडा, आईचा.

मग ताडाच्या झाडावर एक हुप्प्या बसलेला दिसला. मोठा दिसला. अजून मोठा. मग मोबाईलवर नुसत्या दाढा दिसल्या. मग काळं.

साहेबांनी ताडाकडे बघून सलाम ठोकला. म्हणाले, "आपल्या पायलटचं धैर्य मोठं होतं." पीयूष रडकुंडीला आला, पण सावधानमध्ये होता.

ड्रोन अजून ताडावर आहे. संध्याकाळी एक पिल्लू त्याचा पंखा फिरवत होतं.

२० डिसेंबर

मी पळून जायचा विचार करतो. वेरावळच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मागे एकदा म्हणाला होता, माणूस कमी पडला की बोलावतो. पण मग साहेब सकाळी "नाईक शुक्रा!" म्हणतात आणि छाती आपोआप वर येते. मला समजत नाही मला काय पाहिजे. आईचा फोन आला की झरी पाहिजे, फोन ठेवला की समुद्र.

२३ डिसेंबर

विजय! वनखात्याकडून मागच्या आठवड्यातच परवानगी आली होती. मारायचं नाही, पण पिंजऱ्यात धरून लांब जंगलात सोडायचं. वाणगावच्या लोहाराने मोठाले पिंजरे केले. आत केळी ठेवली. दोन दिवस एक माकड फिरकलं नाही. आज पिंजरे अंगणाच्या कडेला ओढून ठेवले, साहेबांनी चहाच्या आधीची शिट्टी मारली, आम्ही सावधान झालो आणि माकडं धडाधड पिंजऱ्यात. अक्षरशः रांगेत. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"केळ्याचा दर्जा महत्त्वाचा असतो," साहेब म्हणाले. "कालची केळी हलकी होती."

हे मी पण लक्षात ठेवलं.

२४ डिसेंबर

दीपेश टेम्पोवाला माकडं घेऊन गेला. हायवेने वर, गुजरातची हद्द ओलांडून पार आत डोंगरातल्या जंगलात सोडायची असं ठरलंय. दुपारी जेवून निघाला आणि चहाच्या फॉल-इनला परत. दीपेश गाडी भन्नाट चालवतो.

३१ डिसेंबर

पिंजरे भरतात, दीपेश जातो, दीपेश येतो. वाडी शांत होत चालली आहे. शेठ साहेबांना 'जनरलसाहेब' म्हणायला लागलेत.

डायरी संपली. उद्यापासून उलटून पहिल्या पानावर येतो.

६ जानेवारी

आईचा फोन. भुईमूग गुडघ्याच्या खाली, पण गच्च झालाय म्हणाली, पिवळी फुलं आलीत. मग म्हणाली, "माकडं आलीत रे."

मी म्हणालो, आपल्याकडे माकडं आहेतच की. डोंगरात.

"ती नाही. आपली माकडं गलोल दिसली की पळतात. ही माणसाला बघून जवळ येतात. माझी भाकरी झाडाला होती, फडक्याची गाठ सोडून खाल्ली. फडकं फाडलं नाही रे एकाने! आणि शाळेत गुरुजींनी पीटीची शिट्टी मारली की डोंगरातून धावत येतात. पोरं रांगेत उभी आणि माकडं मागे डबे उघडतात."

निलमने मागून फोन ओढला. "शुक्रा, तुझ्यापेक्षा हजेरी चांगली आहे त्यांची."

मी म्हणालो, काळजी करू नको, मी इथे याच कामात आहे. मला नाईक केलंय.

"म्हणजे काय?" आई म्हणाली.

तेवढं मात्र सांगता आलं नाही.

७ जानेवारी

साहेबांना विचारलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, डोळे मिटून. म्हणाले, "जंगली शत्रू आहे. अजून शिस्तीची ओळख नाही. तुझ्या गावात फॉल-इन होतं का?"

"नाही साहेब."

"मग!"

त्यांचं बरोबर आहे. गावात कोणी कधी एका रांगेत उभं राहिलं नाही, रेशनला पण नाही. मी वाणगावच्या बाजारातून एक शिट्टी घेतली. साहेबांच्याइतकी भारी नाही, पण आवाज तसाच.

१० जानेवारी

दीपेश आज माकडं घेऊन निघाला तेव्हा त्याला शिट्टी दिली. म्हणालो, वाटेत झरी लागेल, शाळेच्या मागे पत्र्याचं घर, आई शेतातच असेल, तिला दे आणि मग पुढे गुजरातला जा. सांग की सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन लांब शिट्ट्या मारायच्या आणि सगळ्यांनी शेत सोडून शाळेसमोर उभं राहायचं.

दीपेश म्हणाला, "वाटेत कसलं, तिथेच तर... हां, वाटेतच आहे. देतो."

संध्याकाळी परत आला. आईने त्याच्याकडे तुरीच्या शेंगा पाठवल्या होत्या. उकडून खाल्ल्या. धाकल्याने माझ्या वाटच्या पण खाल्ल्या. "तुझ्या आईच्या हाताला मीठ आहे," म्हणाला. शेंगा हिराबाईने उकडल्या होत्या.

११ जानेवारी

आईचा फोन. शिट्टी मिळाली. दीपेशला तिने पाणी दिलं, चांगला मुलगा आहे म्हणाली. "टेम्पोत नुसते रिकामे पिंजरे घेऊन कुठे हिंडत होता बिचारा?"

आईची नजर कमी झाली आहे. पिंजरे भरलेले होते, मी स्वतः चढवले. होळीला गेलो की तिला डहाणूला डोळे दाखवायला नेतो.

१७ जानेवारी

आईचा फोन आला नाही, निलमचा आला. हसत नव्हती.

"शुक्रा, ही शिट्टी कोणी सांगितली?"

मी अभिमानाने सांगितलं.

ती म्हणाली, "तुझी आई तीन वेळा वाजवते. आम्ही सगळे शाळेसमोर जाऊन उभे राहतो, तू सांगितलंस म्हणून. म्हातारी बायजी काठी टेकत येते, तिला धावता येत नाही. आणि तेवढ्यात माकडं तुमच्या शेतात उतरतात. उपटतात रे, मुळासकट. शेंग अजून दाणा धरत नाही, चावतात आणि टाकतात, पुढचं झाड उपटतात. ओढ्याकडची सगळी बाजू गेली."

मी विचारलं, फॉल-इन नीट होतं का? कोणी मागे राहत नाही ना?

निलमने फोन ठेवला.

१८ जानेवारी

साहेब म्हणाले, वेळ वाढवायला सांग. मी निलमला फोन लावला, उचलला नाही.

२१ जानेवारी

निलमने उचलला. म्हणाली, "तुझी आई अजून तू सांगितलंस तसंच करते. मी म्हणाले, मावशी, बंद कर. ती म्हणते, पोरगा लांबून सांगतो आहे, त्याला जास्त समजतं."

आज चिकू तोडताना दोन कच्चेच तोडले, हाताला चीक लागला तेव्हा कळलं.

२६ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहितो, नाहीतर उद्या मला खोटं वाटेल.

शेठनी झेंडावंदनानंतर साहेबांचा सत्कार ठेवला होता. वाडीत पंधरवडाभर एक माकड नाही, म्हणून साहेबांनी फॉल-इनला पण सुट्टी दिलेली, मोहीम फत्ते. सगळे वाडीवाले आले, सोनलबेन पण आल्या. मांडव घातला. टेबलावर शाल, नारळ, पेढे, आणि काकींनी रचलेला चिकूंचा उंच डोंगर. पिकलेले, निवडक. बाजूला चिकूचा हलवा. आमच्या भाकऱ्या नेहमीसारख्या फांदीला.

शेठ बोलले. सोनलबेन बोलल्या की फटाक्यांचा खर्च कोणी द्यायचा ते नंतर बघू. मग साहेब उठले. म्हणाले, "पाहुण्यांना पलटणीची शिस्त दाखवतो." आणि तीन लांब शिट्ट्या मारल्या.

आम्ही धावलो, रांग केली, सावधान. पाहुण्यांना वाटलं उभं राहायचं आहे, ते पण उभे राहिले, काही जणांनी सलाम केला.

आणि मग माकडं आली. ताडावरून, कुंपणावरून, सोनलबेनच्या वाडीतून, रस्त्यापलीकडून. उरलेली, लपलेली, नवीन, कुठली कुठली. घाई नाही, भांडण नाही. टेबलावर चढली. चिकूचा डोंगर मधून पोखरला. एकाने नारळ उचलून वास घेतला आणि शेठच्या खुर्चीवर ठेवला. एक म्हातारं माकड शाल अंगावर घेऊन हलवा खायला बसलं.

साहेबांनी विश्राम म्हटलं नाही. तोंड उघडं, शिट्टी ओठाला लागलेली. त्यांनी म्हटलं नाही म्हणून आम्ही हललो नाही. आम्ही हललो नाही म्हणून पाहुणे हलले नाहीत. अख्खी वाडी सावधानमध्ये उभी आणि माकडं जेवत आहेत.

धाकल्या ओठ न हलवता म्हणाला, "शुक्रा, वाढपी पाहिजेत."

माझ्यासमोरच्या फांदीवर एक माकडीण होती, कडेला पिल्लू. तिने हिराबाईची भाकरी मांडीवर घेतली. फडक्याची गाठ दोन बोटांनी सोडली. फाडलं नाही. बाजूला ठेवलं.

ते बघितलं आणि माझ्या कानात आईचा आवाज आला. फडकं फाडलं नाही रे एकाने.

मी सावधानमध्येच होतो. पण नजर सामने नव्हती, त्या फडक्यावर होती.

२७ जानेवारी

दीपेशला वाणगाव स्टेशनच्या बाहेर धरलं. वडापाव खात होता.

"खरं सांग. कुठे सोडलीस?"

"अरे, सांगितलं ना, गुजरात."

"दीपेश."

त्याने वडापाव कागदात ठेवला. "हे बघ, हायवेला किती जाम असतो. झरीच्या पलीकडे गुजरातच आहे ना? हाकेवर! मला वाटलं सोडली की जातील चालत. त्यांना कुठे हद्द कळते?"

"नाही कळत ना. म्हणून तर गेली नाहीत."

"आणि तिथे बरं आहे रे. शाळा आहे, पाणी आहे. तुझी आई तर इतकी चांगली..." त्याने परत वडापाव उचलला.

मला त्याला मारायचं होतं. पण माकडं पिंजऱ्यात मी चढवली. शिट्टी मी पाठवली. आणि निलमने एवढं सांगितलं तरी बंद करा म्हणालो नाही, तो पण मीच. मग कोणाला मारू?

२८ जानेवारी

साहेबांना सांगितलं. शिट्टी वाजते, आपण झाडं सोडतो, माकडं येतात. एवढंच होतं, साहेब. पहिल्या दिवसापासून.

साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली. त्यांची बॅग आधीच भरलेली होती. म्हणाले, "म्हणजे शत्रूने शिस्त आत्मसात केली."

"हो साहेब."

"आपल्याआधी."

"हो साहेब."

मिशी हलली, पण आवाज आला नाही. मग म्हणाले, "नाईक शुक्रा, घरी जा. तुझ्या आघाडीवर गरज आहे." मी सलाम केला. हसू पण आलं आणि नाही पण.

शेठनी जाऊ दिलं. काकींनी चिकू दिले पिशवीभर. म्हणाल्या, "आईला दे. चावलेले नाहीत, मी बघून भरलेत."

३० जानेवारी, झरी

अर्ध्यापेक्षा जास्त शेत उपटलेलं. उपटलेली झाडं आईने बांधावर एकावर एक रचून ठेवली आहेत, मुळं एका बाजूला, जशी काही परत लावायची आहेत. मी खरं ते सगळं सांगितलं. पिंजरे, दीपेश, शिट्टी. ती ऐकत होती, काकींचे चिकू सोलत होती.

मग म्हणाली, "मग ती माकडं तुझ्याच ओळखीची म्हणायची."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी

गुरुजींना सांगून शाळेची शिट्टी बंद केली. पीटी आता टाळ्यांवर. आईची शिट्टी मी घेतली, शेतापासून लांब डोंगराच्या कडेला गेलो, मोहाच्या झाडाखाली, आणि तीन लांब मारल्या. आली. सगळी आली. रांगेत नाही, पण जवळजवळ. दोन चिकू होते ते टाकले, मग करवंदीच्या जाळीशेजारी बसलो. ती माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे. ही माझीच पलटण आहे, दुसरं काय.

तेवढ्या वेळात आईने आणि निलमने शेताला पाणी फिरवलं. एकही माकड तिकडे गेलं नाही.

९ फेब्रुवारी

रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ मोहाखाली. शिळ्या भाकरीचे तुकडे, उंबरं, काय मिळेल ते. मी नाही गेलो तर ती शेताकडे बघायला लागतात. म्हणून जावंच लागतं. बायजी म्हणते, "शुक्राने नोकरी धरली एकदाची." निलम डबा आणून देते आणि विचारते, "साहेब, हजेरी पूर्ण का?" मी पूर्ण म्हणतो. त्यातला एक मोठा हुप्प्या मला ओळखतो. त्याचं नाव मी सुभेदार ठेवलंय. दीपेश कधीतरी आला तर त्याची ओळख करून देईन.

१३ मार्च

होळी. भुईमूग काढला. थोडाच, पण दाणे भरलेले. आईने बी वेगळं काढून मडक्यात ठेवलं आणि मडकं माझ्या झोपायच्या जागेच्या वर टांगलं. म्हणाली, "आता मिरचीची रोपं टाकू." मी बघू म्हणालो.

माकडं पण आता कमी येतात. मी हळूहळू भाकरी कमी केली, मग शिट्टी कमी केली, आता चार दिवस वाजवली नाही. डोंगरात उंबरं पिकलीत, तिकडेच आहेत. विसरतील. आईला सांगून ठेवलंय, शिट्टीला हात लावायचा नाही. वाजली की परत सगळं पहिल्यापासून.

१८ मार्च

वेरावळहून तांडेलचा फोन आला. माणूस कमी पडलाय, परवा होडी निघते, ये लगेच. मी हो म्हणालो. काम संपलंच आहे. माकडं गेली, भुईमूग निघाला, आता इथे बसून काय करू? संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जा की." भाकरी भाजत होती, वर बघितलं पण नाही. मला वाटलं होतं, रडेल.

१९ मार्च

सकाळी बॅग भरून दारात ठेवली. तलासरीची गाडी धरायला निघणार, तेवढ्यात शेतातून शिट्टी. तीन. लांब. स्वच्छ. साहेबांनी मारावी तशी.

धावलो. आई मिरचीच्या नव्या वाफ्यात उभी, शिट्टी हातात. डोंगर हलायला लागला होता. पुढे सुभेदार, मागे बाकीची.

"आई! सांगितलं होतं ना हात लावू नको!"

"अगं बाई," ती म्हणाली. "धूळ बसली होती रे, फुंकून साफ करत होते. वाजली."

निलम बांधावर होती. तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती, खांदे हलत होते. हिला कसलं हसू येतं देव जाणे, माझी गाडी चुकली होती.

म्हातारीला किती वेळा सांगायचं? आता परत मोहाखाली बसावं लागणार, परत सवय मोडावी लागणार. निदान पावसाळ्यापर्यंत. तांडेलला फोन करून सांगितलं की दुसरा माणूस बघ. तो काय बोलला ते लिहीत नाही.

दुपारी शिट्टी लपवायला घेतली तर आई म्हणाली, "राहू दे माझ्याकडे. आता नाही वाजणार."

बरं म्हणालो. बॅग अजून दारातच होती. तिने त्यातून माझे कपडे काढून दोरीवर टाकले.